‘पुट अप’ : एक इंग्रजी शब्दजोडी आणि मराठीची अनेक क्रियापदे

राज्याचा कारभार जनतेच्या भाषेत चालावा, हे धोरण महाराष्ट्राने राज्यस्थापनेबरोबरच अंगीकारले. 1 मे 1960 रोजी राज्य अस्तित्वात आले आणि त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, 6 जुलै 1960 रोजी, भाषा संचालनालयाची स्थापना झाली. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान दिले. पदनामांचे, शासनव्यवहाराचे आणि प्रशासनातील वाक्प्रयोगांचे कोश तयार झाले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ही वाटचाल अभिमानास्पद आहे, यात शंका नाही.

असे असले तरी जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याच्या मेजावर येणारा बराचसा मजकूर आजही प्रथम इंग्रजीत असतो. केंद्राच्या योजना, तांत्रिक अहवाल, निविदांच्या अटी, न्यायालयीन कागदपत्रे यांतील आशय मराठीत आणून गावोगावी पोहोचवणे हे त्याचे नित्याचे काम असते. या कामात अवघड शब्द फारसे अडवत नाहीत. अवघड शब्द आला की माणूस सावध होतो, कोश उघडतो, जाणत्याला विचारतो. अडवतात ते सोपे शब्द. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच ‘पुट अप’ हे शब्द आले की कोश उघडण्याची गरज कोणाला वाटत नाही, आणि घोटाळा होतो तो नेमका तेथेच.

एका पत्राची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. एका तालुक्याच्या गावी शासकीय योजनांच्या प्रदर्शनात मी माहिती कक्षात बसलो होतो. साठीच्या पुढचे एक शेतकरी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी नीट घडी घातलेले एक पत्र काढले आणि माझ्यापुढे ठेवले. विहिरीच्या अनुदानासाठी त्यांनी केलेल्या अर्जाचे ते उत्तर होते. पत्रात दोनच वाक्ये होती. ‘आपले प्रकरण वर ठेवण्यात आले आहे. आवश्यक कागदपत्रांसह ते पुन्हा वर ठेवण्यात येईल.’

“साहेब, वर ठेवलं म्हणजे बाजूलाच ठेवलं ना?” त्यांनी विचारले. “आम्ही म्हटलं, आता नंबर लागंल तवा कळवतील. म्हणून गप बसलो. आता म्हणतात, कागदं दिली नाहीत, वरीस सरलं.”

पत्र ज्या इंग्रजी मसुद्यावरून उतरले होते, त्याचा अंदाज करणे कठीण नव्हते. प्रकरण आदेशासाठी वरिष्ठांना सादर केले आहे आणि कागदपत्रे आल्यावर ते पुन्हा सादर होईल, एवढाच त्याचा अर्थ. पत्र लिहिणाऱ्याने ‘पुट अप’चे ‘वर ठेवणे’ केले. आपल्या घरांत वर ठेवलेली वस्तू म्हणजे माळ्यावर टाकलेली, तूर्त नको असलेली वस्तू. त्या शेतकऱ्यांनी मराठीचा अर्थ बरोबर लावला होता, चुकली होती ती मराठी. शिवाय ‘आवश्यक कागदपत्रांसह’ ही कागदपत्रे कोणी आणायची, हे दुसऱ्या वाक्यात कोठेच नव्हते. कार्यालयाने ती जोडायची, असे कोणालाही वाटले असते. दरम्यान 31 मार्च उलटून गेला, त्या आर्थिक वर्षाची तरतूद संपली आणि अर्ज निकाली निघाला.

दोष कोणाच्या हेतूत नव्हता. लिहिणाऱ्याने दिवसभरात अशी अनेक पत्रे लिहिली असतील. इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवी घेतलेल्या मलाही घाईच्या वेळी असाच शब्दाला शब्द सुचतो, हे मी नाकारणार नाही. परंतु एका शब्दजोडीने एका कुटुंबाची विहीर एका उन्हाळ्याने पुढे गेली, ही गोष्ट विसरता येत नाही. त्यानिमित्ताने या शब्दजोडीचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल.

लहानसा शब्द, मोठा फेर

इंग्रजीत साध्या क्रियापदापुढे ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ असे लहान शब्द येतात आणि मूळ क्रियापदाचा अर्थ पार बदलून टाकतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. ‘लुक’ म्हणजे पाहणे, पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज करून जोडीचा अर्थ निघत नाही. ही जोडी म्हणजे एक स्वतंत्र शब्द आहे, असे समजूनच तिच्याकडे पाहावे लागते.

हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. संस्कृतातील ‘हृ’ धातूपासून झालेल्या ‘हार’ या शब्दाला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ उभे राहतात. जेवणारा, फिरणारा आणि तडाखा देणारा यांना एकाच धातूने सांभाळलेले असते. इंग्रजीत हे लहान शब्द मागून येतात आणि संस्कृतात उपसर्ग आधी येतात, एवढाच बाह्य फरक.

मराठीने याच कामासाठी आणखी एक मार्ग काढला आहे. तो म्हणजे संयुक्त क्रियापदांचा. ‘खाणे’ आणि ‘खाऊन टाकणे’, ‘बोलणे’ आणि ‘बोलून दाखवणे’, ‘येणे’ आणि ‘येऊन जाणे’ यांतील फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘जमीन लिहून दिली’ आणि ‘जमीन लिहून घेतली’ या दोन वाक्यांत मूळ क्रियापद एकच आहे, पण एका ‘देणे’ने आणि एका ‘घेणे’ने मालक बदलतो. खरेदीखताच्या वेळी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे म्हणताना आपण हाच नेमकेपणा वापरत असतो. सांगायचे ते एवढेच की, लहान शब्दाने होणारा मोठा फेर आपल्या भाषेला ठाऊक आहे. इंग्रजीतील फेरही त्याच सावधपणाने ओळखावयास हवा.

उभारणे, लावणे, घालणे, बांधणे

‘पुट अप’चा पहिला आणि सर्वांत दृश्य अर्थ म्हणजे काहीतरी उभे करणे. नाशिककरांना यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. 2003 आणि 2015 नंतरचे पर्व 2026-27 चे. बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वाच्या तयारीचे एखादे इंग्रजी टिपण हाती घेतले, तर ‘पुट अप’चे बहुतेक सर्व अर्थ त्यात एकत्र सापडावेत, इतका हा विषय या शब्दजोडीला सोयीचा आहे.

तपोवनात साधुग्रामासाठी तंबू ‘पुट अप’ होतात, मांडव ‘पुट अप’ होतात, कुंपण ‘पुट अप’ होते, दिशादर्शक फलक ‘पुट अप’ होतात आणि स्वागताची तोरणेही ‘पुट अप’च होतात. इंग्रजी लेखकाचे काम एका शब्दजोडीत भागते. मराठीत मात्र तंबू ठोकतात, मांडव घालतात, कुंपण घालतात, फलक लावतात, तोरण बांधतात आणि गुढी उभारतात. ‘तोरण ठोकले’ किंवा ‘मांडव लावला’ असे म्हटले तर घरातील वडीलधारी मंडळी लगेच चूक काढतील. प्रत्येक वस्तूचे क्रियापद ठरलेले आहे आणि ते त्या कामाच्या रीतीतून आलेले आहे. तंबूला खुंट्या ठोकाव्या लागतात, म्हणून तंबू ठोकतात. तोरण सुतळीने बांधले जाते, म्हणून ते बांधतात.

अनुवादकाने येथे शब्दापेक्षा वस्तूकडे पाहावे. सर्व ठिकाणी ‘उभारण्यात येतील’ असे लिहिले तर वाक्य चुकत नाही, परंतु त्याला मराठीचा रंगही चढत नाही. ‘ठिकठिकाणी फलक उभारण्यात येतील’ आणि ‘ठिकठिकाणी फलक लावण्यात येतील’ यांत कामाचाही फरक आहे. उभारायच्या फलकाला खांब आणि पाया लागतो, लावायच्या फलकाला भिंत आणि खिळा पुरतो. निविदेच्या मसुद्यात हा फरक पैशांचा असतो.

चढणारी इंग्रजी, उतरणारी मराठी

दुसरा अर्थ आहे पाहुण्याला ठेवून घेण्याचा, मुक्कामाची सोय करण्याचा. यात्रेकरूंना शाळांच्या इमारतींत ‘पुट अप’ करण्यात येईल, असे इंग्रजीत असेल तर त्याचा अर्थ त्यांची तेथे उतरण्याची सोय केली जाईल, असा आहे. ‘यात्रेकरूंना शाळांमध्ये ठेवण्यात येईल’ असे लिहिले तर स्थानबद्धतेचा वास येतो. ‘उभे करण्यात येईल’ असे लिहिले तर शिक्षेचा येतो.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रज पाहुण्याला ‘अप’ म्हणजे वर घेतो आणि मराठी पाहुणा मात्र ‘उतरतो’. प्रवासी घोड्यावरून किंवा गाडीतून उतरला की त्याचा मुक्काम तेथे पडला, हे चित्र ‘उतरणे’ या शब्दात आहे. ‘उतारू’ हा शब्दही त्याच कुळातला. पंचवटीत पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू आपापल्या तीर्थोपाध्यायांकडे उतरत आले. उपाध्यायांच्या वह्यांत त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. ज्या गावाने इतक्या पाहुण्यांना उतरून घेतले, त्या गावच्या मराठीला या अर्थासाठी शब्द शोधत बसावे लागू नये. दोन भाषांतील दिशा परस्परविरुद्ध आहेत आणि अर्थ मात्र एकच आहे. ‘अप’ दिसला की ‘वर’ लिहिण्याची सवय किती फसवी आहे, हे दाखवण्यास एवढा दाखला पुरेसा आहे.

भारतीय इंग्रजीत ही शब्दजोडी ‘राहणे’ या अर्थीही सर्रास वापरली जाते. ‘आपण सध्या कोठे पुट अप करता?’ असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या तरुणांच्या तोंडी ऐकू येतो. त्याचा अर्थ ‘आपण कोठे राहता?’ एवढाच. इंग्लंडमधील वापरात मात्र या शब्दजोडीत थोड्या दिवसांच्या मुक्कामाची छटा असते. कायमच्या घराला ती लागू पडत नाही. मुलाखतीत किंवा परदेशी पत्रव्यवहारात हा भेद ध्यानात ठेवणे हिताचे.

भाव, उमेदवार आणि लिलाव

पर्वकाळात गर्दी वाढली की काही व्यावसायिक खोल्यांचे भाव ‘पुट अप’ करतात, म्हणजे वाढवतात. येथे ‘वर’ची कल्पना शाबूत आहे, कारण आपणही भाव चढले असे म्हणतो. निवडणुकीत पक्ष उमेदवार ‘पुट अप’ करतो, म्हणजे उभा करतो. येथे मराठी आणि इंग्रजी यांची चित्रे जवळजवळ जुळतात. एखादी वस्तू विक्रीसाठी ‘पुट अप’ केली, म्हणजे विक्रीला काढली. निफाड तालुक्यातील लासलगावच्या बाजारात कांद्याने भरलेली वाहने रांगेने उभी राहतात आणि लिलाव पुकारला जातो. त्या कांद्याविषयी इंग्रजी बातमीत ‘लिलावासाठी पुट अप’ असे येईल. मराठीत कांदा लिलावाला आला, किंवा जप्त मालमत्ता असेल तर ती लिलावाला काढली, असे म्हणावे लागेल. ‘आला’ आणि ‘काढली’ यांत स्वेच्छा आणि सक्ती एवढे अंतर आहे. इंग्रजी शब्दजोडी ते अंतर दाखवत नाही. मराठी लिहिणाऱ्याने ते दाखवलेच पाहिजे, कारण वाचणारा त्या मालाचा धनी असू शकतो.

पैशाच्या संदर्भात ‘पुट अप’ म्हणजे भांडवल किंवा हिस्सा पुरवणे. एखाद्या योजनेत खर्चाचा काही भाग लाभधारकाने ‘पुट अप’ करावयाचा असेल, तर ‘लाभधारकाने आपला हिस्सा भरावा’ असे स्वच्छ लिहावे. ‘उभा करावा’ असे लिहिल्यास रक्कम नुसती दाखवायची की भरायची, असा प्रश्न पडतो. लढतीच्या संदर्भात हीच जोडी ‘झुंज देणे’ किंवा ‘प्रतिकार करणे’ असा अर्थ देते. दुकानाच्या फळ्या ‘पुट अप’ केल्या म्हणजे दुकान बंद केले. जुन्या वळणाच्या इंग्रजीत फळे टिकवण्यासाठी ‘पुट अप’ करणे म्हणजे आपल्या भाषेत मुरंबा करणे, लोणचे घालणे. एखाद्याला एखाद्या गोष्टीसाठी ‘पुट अप टू’ केले म्हणजे त्याला फूस लावली. आणि ‘पुट-अप जॉब’ म्हणजे आधीच संगनमताने ठरवलेला बनाव.

‘विथ’ने पालटणारा अर्थ

या शब्दजोडीपुढे ‘विथ’ हा आणखी एक शब्द आला की अर्थ एकदम वळण घेतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, सहन करणे, चालवून घेणे. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतात, वाहने दूर थांबवावी लागतात आणि शहरातील रहिवासी ही गैरसोय ‘पुट अप विथ’ करतात. आभाराच्या निवेदनात याचा अनुवाद करताना ‘नागरिकांनी गैरसोय सोसून सहकार्य केले’ असे लिहिणे योग्य. ‘चालवून घेतले’ असे लिहिल्यास नाइलाजाची छटा येते. ‘सहन केले’मध्ये थोडी तक्रार डोकावते. कोणती छटा हवी, हे मूळ मजकुराच्या सुरावरून ठरवावे लागते.

परंतु कचेरीत ‘विथ’ दिसला की प्रत्येक वेळी सोसणेच असते, असे नाही. फाइलीवर वरिष्ठ अधिकारी शेरा मारतात, ‘प्लीज पुट अप विथ प्रीव्हिअस पेपर्स’. नवशिका कर्मचारी कोश उघडून ‘मागील कागदपत्रे सहन करावीत’ असा अर्थ काढू लागला, तर त्यात विनोद आहे, पण दोष कोशाचा नाही. येथे ‘विथ’चा संबंध ‘पेपर्स’शी आहे. ‘मागील कागदपत्रांसह सादर करावे’ एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. जुन्या फाइली चाळणाऱ्यांना पहिला अर्थही कधीकधी खरा वाटतो, ही गोष्ट वेगळी!

कचेरीतील ‘पुट अप’

फाइल वरिष्ठांपुढे ठेवणे या अर्थाचा ‘पुट अप’ हा विशेषतः आपल्याकडील कचेऱ्यांनी रूढ केलेला प्रयोग आहे. इंग्लंड-अमेरिकेतील सामान्य वाचकाला तो चटकन उमगणार नाही. आपल्याकडे तो इतका मुरला आहे की, मराठीत बोलतानाही ‘फाइल पुट अप केली का?’ असेच विचारले जाते. त्याला मराठीत ‘सादर करणे’ हा उत्तम आणि रूढ पर्याय आहे. ‘आदेशार्थ सादर’, ‘मान्यतेसाठी सादर’, ‘अवलोकनार्थ सादर’ हे प्रयोग थोडक्यात आणि निःसंदिग्धपणे काम करतात.

या प्रयोगात एक अडचण व्याकरणाची आहे. ‘पुट’ या क्रियापदाचे रूप भूतकाळात बदलत नाही. त्यामुळे फाइलीच्या कडेला नुसते ‘पुट अप’ लिहिलेले असेल, तर ती आज्ञा आहे की नोंद, हे शब्दांवरून कळत नाही. वरिष्ठांनी लिहिले असेल तर ‘सादर करा’ आणि लिपिकाने लिहिले असेल तर ‘सादर केले’. सही कोणाची, यावर अर्थ ठरतो. मराठीत हा संभ्रम उद्भवतच नाही. ‘सादर करावे’, ‘सादर केले आहे’ आणि ‘सादर करण्यात येईल’ ही तीन रूपे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

दुसरी अडचण कर्त्याची आहे. कारभारी इंग्रजीत कर्मणी प्रयोगाचा सुकाळ असतो. कागद सादर होतील, त्रुटी दूर केल्या जातील, कार्यवाही केली जाईल. कोणाकडून, हे मात्र बहुधा अध्याहृत असते. कचेरीच्या आत हे चालते, कारण कोणते काम कोणाचे, हे तेथे सर्वांना ठाऊक असते. तेच वाक्य कचेरीबाहेर पडून एखाद्या वस्तीवर पोहोचते, तेव्हा ते ठाऊक असणारे कोणी तेथे नसते. वर सांगितलेल्या पत्रात झाले ते असे. क्रियापद चुकले आणि कर्ता हरवला.

नामे झाली, क्रियापदांचे काय?

मराठी कारभाराच्या इतिहासाकडे पाहिले की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांनी मराठीचे मोठे कोश सिद्ध केले. त्यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये प्रसिद्ध झाला. नाशिकजवळील भगूर येथे जन्मलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ झाले. राज्यस्थापनेनंतरच्या पदनाम कोशाने ‘कलेक्टर’ला ‘जिल्हाधिकारी’ केले आणि ते नाव आज खेड्यातील मुलाच्याही तोंडी आहे.

हे सर्व कार्य थोर आहे. मात्र त्याचा भर मुख्यतः नामांवर राहिला. पदांची, वस्तूंची, खात्यांची नावे मराठी झाली. क्रियापदांकडे तितके लक्ष गेले नाही, कारण ती आपल्याला येतातच, असे आपण गृहीत धरले. वास्तविक नागरिकाचे हित क्रियापदात असते. अर्ज ‘मंजूर केला’, ‘सादर केला’, ‘परत केला’, ‘राखून ठेवला’ की ‘दप्तरी दाखल केला’, यावर त्याच्या घरातील पुढील वर्ष अवलंबून असते. पत्राच्या मथळ्यातील पदनाम शुद्ध मराठी असले आणि शेवटचे क्रियापद इंग्रजीची सावली असले, तर ते पत्र मराठीत लिहिले गेले, असे म्हणता येणार नाही.

नाशिक ही कुसुमाग्रजांची कर्मभूमी. त्यांचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी व्याख्याने आणि ग्रंथदिंड्या होतात, त्या व्हाव्यातच. त्याबरोबर प्रत्येक कार्यालयाने आपल्याकडून नेहमी जाणाऱ्या चार-पाच पत्रांचे नमुने काढून त्यांतील क्रियापदे एकदा तपासली, तर भाषेचा तो गौरव अर्जदाराच्या घरापर्यंत पोहोचेल.

लिहिताना ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

‘पुट अप’विषयी येथे जे सांगितले, ते या प्रकारच्या इतर शब्दजोड्यांनाही लागू पडते. ‘टेक ओव्हर’, ‘सेट अप’, ‘कॅरी आउट’, ‘ड्रॉ अप’ या जोड्याही रोज भेटतात. त्यांच्यासाठी काही साधे नियम उपयोगी पडतील.

पहिला नियम असा की, जोडी फोडू नये. क्रियापद आणि त्यापुढील लहान शब्द मिळून एक अर्थ आहे, असे धरूनच कोश पाहावा.

दुसरा, कर्म पाहावे. काय ‘पुट अप’ केले? तंबू, पाहुणा, भाव, उमेदवार की फाइल? कर्म कळले की मराठी क्रियापद बहुधा आपोआप सुचते.

तिसरा, पुढील शब्द पाहावा. ‘पुट अप’पुढे ‘विथ’ किंवा ‘टू’ असेल तर तो जोडीचा भाग आहे की पुढील नामाचा, हे ठरवावे. इंग्रजी लिहिणाऱ्यांनीही येथे काळजी घ्यावी. तंबू ‘पुट अप’ करताना कर्म मध्ये घेता येते आणि तंबूऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले तर ‘पुट इट अप’ असे ते मध्येच घ्यावे लागते. ‘पुट अप विथ’मध्ये मात्र कर्म मध्ये येत नाही, ते शेवटीच येते.

चौथा, कर्ता सांगावा. कोणी करायचे, कोणासाठी आणि केव्हापर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे वाक्यात नसतील तर मूळ इंग्रजीत ती नसली तरी मराठीत, संबंधितांना विचारून, ती घालावीत.

पाचवा आणि सर्वांत सोपा नियम असा की, वाक्य लिहून झाल्यावर ते एकदा मोठ्याने वाचावे आणि आपल्या गावाकडील वडीलधाऱ्यांना ते कळेल का, असे स्वतःला विचारावे.

समारोप

इंग्रजीला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. एका लहानशा जोडीत इतके अर्थ सामावून घेण्याची तिची शक्ती मोठी आहे आणि ती भाषा चांगली शिकणे आजच्या काळात आवश्यकच आहे. किंबहुना जो इंग्रजी नीट शिकेल, तोच तिच्या सावलीतून मराठीला बाहेर काढू शकेल. इंग्रजी जेथे एका शब्दजोडीवर काम भागवते, तेथे मराठी आपल्याला दहा क्रियापदांतून एक निवडायला लावते. ही निवड म्हणजे कटकट नव्हे. ती करताना लिहिणाऱ्याला विषय समजून घ्यावाच लागतो, आणि विषय समजलेल्या माणसाचे पत्र वाचणाऱ्यालाही समजते.

त्या दिवशी प्रदर्शनातून निघण्यापूर्वी मी त्या शेतकऱ्यांच्या पत्राच्या पाठीमागे तीन वाक्ये लिहून दिली. ‘आपला अर्ज मान्यतेसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे सादर केला आहे. सातबारा उतारा आणि पाण्याच्या उपलब्धतेचा दाखला आपण स्वतः या कार्यालयात आणून द्यावा. हे कागद ठरलेल्या मुदतीत मिळाले नाहीत, तर या वर्षी अनुदान मिळणार नाही.’ त्यांना मिळायला हवे होते ते पत्र असे होते. त्यांनी ते बोट ठेवून, सावकाश, स्वतः वाचले. मग म्हणाले, “एवढंच होतं व्हय?”

पुढील वर्षी नव्याने अर्ज करण्यास सांगून मी त्यांना निरोप दिला. तो प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला आहे. इंग्रजी मसुदा हाती आला की आजही तो आठवतो, आणि ‘पुट अप’ दिसले की हात थांबतो. नेमके काय करायचे आहे आणि ते कोणी करायचे आहे, हे कळल्याशिवाय पुढचे वाक्य लिहू नये, एवढे त्या एका पत्राने शिकवले. आपल्या कचेऱ्यांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्राने वाचणाऱ्याला एवढे निश्चित सांगितले, तर राजभाषेचे धोरण खऱ्या अर्थाने जनतेच्या दारी पोहोचले, असे म्हणता येईल.